दुसऱ्या पासपोर्टची फाइल

आमच्या कामात फाइल उघडते पैशाच्या गोष्टीने आणि अडते जन्मदाखल्यावर. पन्नाशीतला कारखानदार समोर बसतो. आठ लाख डॉलर कसे उभे करायचे याचा हिशेब त्याच्याकडे तयार असतो. पण त्याचा स्वतःचा जन्म आजोळी, घरीच झालेला असतो आणि ग्रामपंचायतीच्या वहीत त्याची नोंदच नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून ही तारीख, कारण त्या काळी गुरुजींनी वर्गातल्या कितीतरी पोरांची तीच लिहिली. पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. बायकोचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं आणि बँकेत तिसरंच. ज्याने महाराष्ट्र कधी पाहिला नाही अशा परदेशी अधिकाऱ्याला, ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कागदावर पटवून द्यायचं असतं. मग नोंद आढळत नसल्याचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, गॅझेट, मराठी कागदांची भाषांतरं आणि त्यावर अपोस्टिल. यात महिनेच्या महिने जातात.

मी पेशाने सीए. मुंबईत फोर्टमधल्या एका फर्ममध्ये उमेदवारी केली आणि पुढे पुण्यात स्वतःचं ऑफिस थाटलं. परदेशी पैसे पाठवण्याचं काम तेव्हा फार किरकोळ होतं. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने एलआरएस योजना आणली आणि माणशी २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आमच्याकडे येणारी कामं म्हणजे मुलांची फी, क्वचित एखादं आजारपण. पुढे मर्यादा वाढत दोन लाखांवर गेली, २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा ७५ हजारांवर आली आणि २०१५ पासून अडीच लाखांवर आहे. म्हणजे चौघांचं कुटुंब वर्षाला कायदेशीरपणे दहा लाख डॉलर बाहेर पाठवू शकतं. हा आकडा उद्योजकांच्या ध्यानात आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे प्रश्न बदलले. “फी कशी पाठवू?” याऐवजी “तिथला पासपोर्ट कसा मिळेल?” असं विचारणारे येऊ लागले.

असे पहिले एक गृहस्थ मला अजून आठवतात. चाकणला सुट्या भागांचा कारखाना, जर्मनीत गिऱ्हाईक, आणि दर वेळी शेंगेन व्हिसासाठी ताटकळणं. एका चकचकीत हॉटेलातल्या सेमिनारला जाऊन आले होते. कॅरिबियनमधल्या एका बेटाचं माहितीपत्रक त्यांनी टेबलावर ठेवलं. देणगी द्या किंवा तिथल्या प्रकल्पात पैसे गुंतवा, काही महिन्यांत नागरिक व्हा, युरोपात व्हिसाशिवाय फिरा. यात खोटं काही नव्हतं. सेंट किट्सने ही पद्धत १९८४ मध्येच सुरू केली, डॉमिनिकाने १९९३ मध्ये, आणि अँटिग्वा, ग्रेनेडा, सेंट लुसिया पुढच्या काळात आले. २०१७ च्या मारिया चक्रीवादळात डॉमिनिका उद्ध्वस्त झाली, तेव्हा घरं बांधायला याच योजनेचा पैसा उपयोगी पडला. त्या छोट्या देशांची ही खरी कमाई आहे. तिला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मी त्यांना विचारलं, “भारतीय पासपोर्टचं काय करणार?”

ते म्हणाले, “तो राहीलच की. हा दुसरा.”

तो राहत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. अर्ज करा, न करा, कुणाला सांगा, न सांगा. त्यानंतर जुना पासपोर्ट बाळगणं हा पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे. तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. जगातल्या श्रीमंतांसाठी लिहिलेल्या त्या माहितीपत्रकात ‘दुसरं नागरिकत्व’ म्हणून जे विकलं जातं, ते इंग्रज किंवा अमेरिकन माणसाला खरोखर दुसरं मिळतं. आपल्याला ते पहिल्याच्या बदल्यात मिळतं. एजंटने त्यांना हे सांगितलं नव्हतं. उलट “दोन्ही ठेवतात लोक, कुणाला कळत नाही” असं सांगितलं होतं. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता मी पहिल्याच भेटीत कलम ९ ची छापील प्रत समोर ठेवते आणि मोठ्याने वाचायला लावते.

ओसीआय म्हणजे जवळजवळ नागरिकत्वच, हा दुसरा समज. येण्याजाण्याला, राहण्याला, धंद्याला ते कार्ड उत्तम आहे. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणतः मिळत नाही. आणि शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेता येत नाही. चाकणच्या त्या गृहस्थांची सांगलीकडे द्राक्षबाग होती आणि शेजारची चार एकर घ्यायचं बोलणं चाललेलं होतं. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळते, पण नवी खरेदी बंद. हे ऐकल्यावर त्यांनी माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं. त्यांना हवा होता तो युरोपात जाण्याचा सोपा रस्ता आणि अडचणीच्या वेळी कुटुंबाला राहायला दुसरी जागा. पहिल्यासाठी आम्ही दीर्घ मुदतीच्या व्यावसायिक व्हिसाची कागदपत्रं नीट बांधली. दुसऱ्यासाठी त्यांनी दुबईत वीस लाख दिऱ्हामच्या वरचं घर घेऊन दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा काढला. पासपोर्ट भारताचाच राहिला आणि सातबाऱ्यावर शेजारची चार एकरही चढली.

नागरिकत्व, राहण्याचा परवाना आणि कर या तीन गोष्टी लोकांच्या डोक्यात एकच होऊन बसलेल्या असतात. बाहेरचा पासपोर्ट घेतला की इथला प्राप्तिकर सुटला, असं मानणारे अजूनही दर महिन्याला भेटतात. कर पासपोर्टवर ठरत नाही, दिवसांवर ठरतो. वर्षात १८२ दिवस इथे राहिलात की तुम्ही इथले करदाते. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर अनिवासी भारतीयाला आणि भारतीय वंशाच्या माणसाला १२० दिवसांचा नियमही पाहावा लागतो. दुबईच्या घराची नोंद रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात केली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड तर उलट्या दिशेने चालतं. ते हातात पडलं की जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत हिशेब द्यावा लागतो आणि आपल्याकडचे साधे म्युच्युअल फंड तिथल्या कायद्यात अतिशय जाचक गटात मोडतात. एका बाईंनी पंचवीस वर्षं दरमहा एसआयपी करून जमवलेली पुंजी ग्रीन कार्डाच्या आधी मोडायची की नंतर, यावर आम्ही तीन बैठका घेतल्या. ती चर्चा आधी झाली म्हणून त्यांचे बरेच पैसे वाचले.

अमेरिकेच्या ईबी-५, म्हणजे गुंतवणुकीतून ग्रीन कार्ड देणाऱ्या योजनेच्या फाइलींनी मला माणसं सर्वांत जास्त दाखवली. ही योजना १९९० ची. कित्येक वर्षं मागास किंवा ग्रामीण भागात पाच लाख डॉलर गुंतवले की चालत. मार्च २०२२ च्या कायद्याने ही रक्कम आठ लाख केली आणि इतरत्र साडेदहा लाख. दहा जणांना रोजगार मिळाला पाहिजे आणि पैसा खऱ्या अर्थाने जोखमीत असला पाहिजे. परताव्याची हमी दिली तर अर्जच बाद होतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण मुलांसाठी येतात. मुलगी तिकडे मास्टर्स करते, नोकरी लागते, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव येत नाही आणि कामाच्या परवानगीची मुदत संपत येते. नव्या कायद्यानंतर, तिच्या प्रवर्गात व्हिसा उपलब्ध असेल तर, अमेरिकेत बसूनच ग्रीन कार्डाचा अर्ज सोबत भरता येतो आणि त्यावर नोकरीची परवानगी मिळते. त्यामुळे आई-वडील पैसे भेट देतात आणि मुलगी अर्जदार होते. आई आणि वडील, प्रत्येकी अडीच लाख मार्चअखेर आणि पुन्हा अडीच लाख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अशी वर्षाची सीमा धरून रक्कम पूर्ण होते. यात बेकायदेशीर काही नाही. फक्त एका टप्प्यापुढच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस कापते. तो नंतर करात वळता होतो, पण त्या दिवशी हाताशी असावा लागतो.

खरी कसोटी पुढे असते. आठ लाखांमधला प्रत्येक डॉलर कुठून आला हे मुळापर्यंत दाखवायचं. पगार असेल तर रिटर्न, घर विकलं असेल तर खरेदीखत, ते घर ज्या पैशाने घेतलं त्याचा उगम, आणि शेती असेल तर सातबारा, फेरफार, बाजार समितीच्या पट्ट्या. एका कुटुंबाने मुलीसाठी हमरस्त्यालगतची जमीन विकली होती. किंमत भरपूर आली, पण खरेदीखतावर निम्मीच, बाकी रोख. वडिलांनी मला सुचवलं, ती रोख रक्कम चार वर्षांचं शेती उत्पन्न म्हणून दाखवू. मी नकार दिला. त्यांना राग आला. आमच्या भागात सगळे असेच व्यवहार करतात, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. दोन लाखांवर रोख घेणंच आता कायद्याने बंद आहे, हे सांगून उपयोग नव्हता कारण व्यवहार होऊन गेला होता. मुलगी फोनवर होती. तिने सगळं ऐकलं आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, माझ्या अर्जाखाली माझी सही असणार आहे.” त्यांनी फाइल उचलली आणि गेले. मुलगी पुढे एका कॅनडियन कंपनीत लागली असं कळलं. सरकारी दरापेक्षा कमी दाखवून जमिनी विकण्याच्या आपल्या सवयीने किती मुलांचे मार्ग बंद केले आहेत, हे इथे बसून दिसतं. पिढीमागून पिढीने ‘व्यवहार’ म्हणून जे केलं, त्याची किंमत मुलं मोजतात.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तितकाच खरा. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक स्की रिसॉर्टसाठी अनेक देशांतल्या गुंतवणूकदारांकडून साडेतीनशे दशलक्ष डॉलरहून अधिक जमवले गेले. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियंत्रकांनी त्यातले दोनशे दशलक्षांहून अधिक गैरमार्गाने वापरल्याचा आरोप ठेवला. गेलेल्या पैशाबरोबर कित्येकांचं ग्रीन कार्डही टांगणीला लागलं. म्हणून प्रकल्पाचं देखणं चित्र मी बाजूला सारते आणि विचारते की धनकोंच्या रांगेत आपला नंबर कितवा, पैसे एस्क्रोमध्ये कधीपर्यंत राहतात आणि अर्ज नाकारला तर परत कोण देतो.

देश नियम बदलतात, हे मी पोर्तुगालकडून शिकले. २०१२ मध्ये आलेला त्यांचा गोल्डन व्हिसा आमच्या ग्राहकांचा फार लाडका होता. पाच लाख युरोंचं घर, वर्षाला सरासरी सात दिवसांचा मुक्काम आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. ठाण्याच्या एका दांपत्याने त्यासाठी घर घेतलं. नंतर बोटांचे ठसे द्यायच्या तारखेची वाट पाहणं सुरू झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्गच बंद झाला. त्याच महिन्यात परदेशी नागरिकांचं जुनं खातं मोडून नवं आलं आणि तुंबलेल्या अर्जांचा ढीग त्याच्या गळ्यात पडला. त्या दांपत्याला कार्ड मिळालं, पण मोजलेल्या वेळेपेक्षा फार उशिरा. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नागरिकत्वाची मुदत पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, “आम्ही धाकट्याच्या कॉलेजसाठी हे केलं होतं. तो आता नोकरीला लागेल.”

सायप्रसने २०२० मध्ये पैशावर नागरिकत्व देणं थांबवलं. ब्रिटनने गुंतवणूकदारांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये एका दिवसात बंद केला. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये आपला गोल्डन व्हिसा गुंडाळला. त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने माल्टाची नागरिकत्व योजना युरोपच्या कायद्याविरुद्ध ठरवली. बेटांच्या पासपोर्टचंही तेच. जुलै २०२३ मध्ये ब्रिटनने डॉमिनिकाच्या नागरिकांना व्हिसा लावला. हिरे व्यापारी मेहुल चोक्सी यांनी २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतल्याचं पंजाब नॅशनल बँक घोटाळ्याच्या प्रकरणानंतर उघड झालं, आणि तेव्हापासून भारतीय अर्जदारांची छाननी कडक झाल्याचं मी प्रत्येक फाइलमध्ये अनुभवते. ज्याच्यासाठी पैसे मोजले तो व्हिसामुक्त प्रवास तिसऱ्याच देशाच्या मर्जीवर असतो. तो देणारं बेटही त्याची हमी देऊ शकत नाही.

एकदा एकाच आठवड्यात दोन पोर्तुगाल माझ्यासमोर आले. एक ते ठाण्याचं कुटुंब. दुसरा साष्टीतला एक तरुण, ज्याच्या आजोबांचा जन्म १९६१ च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात झालेला. पोर्तुगीज कायद्याने अशा माणसांचं नागरिकत्व मानलं आहे आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये नोंद करून ते घेता येतं. त्याला पाच लाख युरो लागले नाहीत. चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, लग्नाची नोंद आणि धीर एवढंच लागलं. त्याच्या काकांनी तेच करून ब्रिटनमधलं स्विंडन गाठलं होतं आणि गोदामातल्या पाळ्या करून गावात घर बांधलं होतं. याने नोंद केली तोवर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं. त्या पासपोर्टवर आता ब्रिटनमध्ये सहज नोकरी मिळणार नव्हती, आणि भारतीय पासपोर्ट मात्र जाणार होता. तो माझ्याकडे गुंतवणुकीसाठी आलाच नव्हता, त्याला फक्त घरपट्टी आणि बँक खात्याचं काय होईल ते विचारायचं होतं. मी त्याच्याकडून फी घेतली नाही. त्याच्याकडे निवड करायला जागा थोडी होती आणि त्याने जो विचार केला होता, तो कित्येक कोट्यधीशांनी केलेला नसतो.

कोल्हापूरकडच्या एका डॉक्टर कुटुंबाचं प्रकरण मला सर्वांत जास्त लागलं. ते माझ्याकडे आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. २०२२ मध्ये आई, वडील आणि मुलगी तिघांनी बेटाचं नागरिकत्व घेतलं. हेतू फिरण्याचा. मुलगी तेव्हा आठवीत होती. अकरावीत तिने नीटची तयारी सुरू केली, तिला डॉक्टर होऊन घरचं हॉस्पिटल चालवायचं होतं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआय विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतं बांधून ठेवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, तो त्या तारखेआधी ओसीआय असलेल्यांना. हिचं कार्ड नंतरचं. शासकीय महाविद्यालयाची सर्वसाधारण जागा तिला मिळणार नव्हती, गुण कितीही पडले तरी. पुन्हा भारतीय होण्याचा मार्ग कायद्यात आहे, पण त्याच्याही अटी आहेत आणि त्यात वेळ जातो. ती मुलगी माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाली, “मला कुणी विचारलंच नव्हतं.” तिच्या वडिलांनी मान खाली घातली.

तेव्हापासून मी कुटुंबातल्या प्रत्येक प्रौढ आणि कळत्या मुलाशी वेगळं बोलल्याशिवाय काम घेत नाही. नाशिकच्या एका उद्योजकाने आईचं नाव अवलंबित म्हणून घातलं होतं, थोड्या जादा शुल्कात. त्या पंच्याहत्तरीच्या आजींनी मला एवढंच विचारलं, “मत देता येईल का गं मला?” मी नाही म्हटलं. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “मग माझं नाव काढ.” त्याने काढलं.

परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं आणि २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ जणांनी. गुंतवणुकीने गेलेले यात थोडे, बहुतेक शिकून, नोकरी करून, तिथे वर्षानुवर्षं राहून गेलेले. ज्यांचं आयुष्य खरंच तिकडे आहे त्यांनी तिथलं नागरिकत्व घ्यावं, तेच योग्य आहे. ज्यांच्या मुलांच्या जिवावर किंवा धंद्यावर बेतलं आहे त्यांनीही घ्यावं. माझ्याकडे येणाऱ्या बाकी बहुतेकांना नागरिकत्व लागत नाही. राहण्याचा परवाना, नीट बांधलेला व्हिसा अर्ज आणि स्वच्छ रिटर्न एवढ्यावर त्यांचं काम होतं. हे त्यांना कुणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. सेमिनार घेणाऱ्याला पैसे मिळतात ते पलीकडच्या बिल्डरकडून किंवा फंडाकडून, आणि बऱ्याचदा तुम्ही त्याला देता त्याहून जास्त. बेटांवरच्या घरांचे हिस्से किमान रकमेपेक्षा स्वस्तात विकण्याचे प्रकार इतके वाढले होते, की २०२४ मध्ये चार देशांनी करार करून दोन लाख डॉलरची किमान रेषा आखली आणि पाचवा नंतर त्यात आला.

म्हणून पहिला हप्ता पाठवण्याआधी तुमच्या सल्लागाराला एकच प्रश्न विचारा: या व्यवहारात तुम्हाला कोणाकोणाकडून किती मिळणार आहे? उत्तर लेटरहेडवर, सहीनिशी मागा. ते मिळालं नाही तर पैसे पाठवू नका.